गच्चीची किल्ली कुणाकडे?

रथसप्तमीला सूर्याची पूजा करून दूध उतू घालणारा आपला समाज. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर महाराष्ट्रात उन्हाला तोटा नाही. तरीही घरोघरी रक्ततपासणीच्या कागदावर 'ड' जीवनसत्त्वापुढे 'कमी' असा शेरा दिसू लागला आहे. असे का व्हावे?

पहिले कारण एका गोड समजुतीत आहे. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घेतले की झाले, असे आपण मानतो. ते ऊन सुखद असते खरे. पण त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण त्यात फारच थोडे असतात. ते मिळतात साधारण दहा ते तीन या वेळात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असली पाहिजे. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. सावळ्या त्वचेला ऊन थोडे अधिक वेळ लागते. आणि नेमक्या याच वेळी आपण कचेरीत, वर्गात किंवा पडदे ओढलेल्या घरात असतो.

पूर्वी कुणी मुद्दाम ऊन खात नव्हते. पापड-कुरडयांची वाळवणे, विहिरीवरचे धुणे, मधल्या सुटीतले खेळ यांतून ते आपोआप मिळे. वाडे गेले, अंगणे गेली. घराबाहेर पडताना स्कार्फ आणि हातमोजे आले. आहारातून ही तूट भरत नाही; शाकाहारी ताटात तर हे जीवनसत्त्व नावापुरतेच. म्हणून दूध व खाद्यतेलात ते मिसळण्याचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये केले. पिशवीवर अधिकचे चिन्ह आणि 'एफ' हे अक्षर आहे का, हे किती जण पाहतात?

त्याऐवजी आपण औषधाच्या दुकानाची वाट धरली. साठ हजार युनिटची पुडी आता शेजारीण शेजारणीला सुचवते. प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये 600 युनिट धरली आहे. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा! डॉक्टरांनी ठरावीक आठवडे दिली तर ती उपचार ठरते. मनाने महिनोन्‌महिने घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकते. धडधाकट माणसांना या गोळ्यांनी अस्थिभंग टळत नाहीत, असे 2022 मध्ये अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दिसले. तेथील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये निरोगी प्रौढांनी सरसकट ही तपासणी करू नये, असाच सल्ला दिला.

ज्यांना खरी गरज आहे त्यांची मात्र आठवण राहत नाही. अंगावर पिणारी तान्ही मुले, गर्भवती, घराबाहेर न पडणारे आजी-आजोबा यांच्याबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. मुलांचा मुडदूस आणि म्हातारपणी ठिसूळ झालेली हाडे ही काही पुस्तकातली दुखणी नव्हेत.

बाकीच्यांसाठी, भर उन्हाळ्याची काहिली टाळून, आठवड्यातून तीन-चार वेळा उघड्या हातापायांवर वीस-तीस मिनिटे ऊन पुरेसे उपयोगी पडते. पण ते घ्यायचे कुठे? शाळेच्या मैदानावर मोटारी उभ्या राहतात, आणि इमारतीच्या गच्चीला कुलूप असते. रविवारच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर वाद घालतो, तसा एकदा गच्चीच्या किल्लीचाही विषय काढायला काय हरकत आहे?