बेरी गावचा क्लब आणि ताळेबंद



मधल्या सुट्टीत मँचेस्टरच्या दोन बड्या फुटबॉल संघांवरून मुलांचे वाद रंगतात, ते आमच्या कानांवर येतात. त्याच मँचेस्टरच्या उत्तरेला, अवघ्या तेरा-चौदा किलोमीटरवर बेरी नावाचे गाव आहे. त्याच्या संघाचे नाव मुलांच्या वादात कधी निघत नाही. आम्हाला मात्र त्या लहान क्लबाची हकीकत मोठ्यांच्या विजयांपेक्षा अधिक विचार करण्याजोगी वाटते.

बेरी हे कापडगिरण्यांचे गाव. धावता धोटा शोधून विणकामाचे रूप पालटणारा जॉन के याच परिसरातला. येथे १८८५ साली दोन चर्चच्या संघांनी एकत्र येऊन क्लब काढला. त्याने १९०० आणि १९०३ साली एफ. ए. कप जिंकला. १९०३च्या अंतिम सामन्यात डर्बी काउंटीवर ६-० असा विजय मिळवला. त्या संपूर्ण स्पर्धेत बेरीने एकही गोल होऊ दिला नव्हता! अंतिम सामन्यातील सर्वात मोठ्या विजयाच्या या विक्रमाची बरोबरी थेट २०१९ साली मँचेस्टर सिटीने केली.

पुढे गिरण्या बंद झाल्या. इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे ऐकलेल्या पिढीला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. क्लब खालच्या श्रेण्यांत खेळू लागला, तरी गिग लेन मैदानावर लोक येत राहिले. क्लब मात्र त्यांच्या मालकीचा नव्हता. कर्ज वाढत गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो अवघ्या एका पौंडाला विकला गेला. बेरीला फुटबॉल संघ आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हते, असे नव्या मालकाने नंतर जाहीरपणे सांगितले. पुरेसा पैसा असल्याचा पुरावा हाती नसताना हा व्यवहार झाला कसा, हा प्रश्न आम्हाला मालकाच्या अज्ञानापेक्षा मोठा वाटतो.

२०१९च्या वसंतात खेळाडूंचे पगार थकलेले होते, तरीही संघाने वरच्या श्रेणीत बढती मिळवली. ऑगस्टमध्ये नवा खरेदीदार येणार अशी आशा निर्माण झाली. २७ ऑगस्टला सकाळीच शेकडो माणसे झाडू, फडकी घेऊन मैदान स्वच्छ करायला पोहोचली. त्याआधी एका माजी संचालिकेने स्वतःला साखळीने तेथल्या पाइपाशी बांधून घेतले होते. पण खरेदीदाराने माघार घेतली आणि त्याच दिवशी रात्री सव्वाशे वर्षांच्या सभासदत्वानंतर बेरीला लीगमधून काढून टाकण्यात आले.

प्रेम कमी पडले, असे कोण म्हणेल? कमी पडला तो हिशेब पाहण्याचा अधिकार. झाडू मारण्याचा हक्क सर्वांना होता, ताळेबंद तपासण्याचा नव्हता. आमच्या मते, ज्यांच्या वर्गणीवर आणि तिकिटांवर संस्था उभी असते त्यांना तो असायलाच हवा. आणि जिथे तो आहे, जसा आपल्या शाळेच्या सर्वसाधारण सभेत आहे, तिथे चहा घेऊन लगेच घरी परतणे बरे नाही.

यावर कोणी म्हणेल, दहा माणसांच्या हाती कारभार गेला की भांडणेच जास्त. खरे आहे. बेरीतही झाली. पाठीराख्यांनी नवा क्लब काढून २०२०मध्ये दहाव्या श्रेणीपासून सुरुवात केली. दुसऱ्या गटाने २०२२ साली सरकारी मदत व देणग्यांच्या बळावर गिग लेन विकत घेतले. दोघांनी एक व्हावे यासाठी मतदान झाले, तेव्हा आवश्यक बहुमत मिळाले नाही. पुन्हा बैठका, पुन्हा समजावणे. २०२३च्या मे महिन्यात प्रस्ताव मंजूर झाला. गिग लेनवर सामने परतले. नवव्या श्रेणीच्या सामन्यांना तीन हजारांहून अधिक प्रेक्षक येऊ लागले आणि २०२५मध्ये संघ आठव्या श्रेणीत गेला.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने फुटबॉल क्लबांसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. क्लब विकत घेणाऱ्याची पात्रता आणि त्याच्या पैशाचा स्रोत आता तो तपासेल. बेरीला ही तपासणी डिसेंबर २०१८ मध्ये हवी होती.