कविता शिवारात न्या!

बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरची कविता आमच्या मुलांना तोंडपाठ असते. परंतु त्यांपैकी कितीजणांनी तो खोपा प्रत्यक्ष पाहिला आहे, हा प्रश्न कोणत्याही वर्गात विचारून पाहावा. वर येणारे हात मोजण्यास फार वेळ लागणार नाही. कविता पाठ, शब्दार्थ पाठ, रसग्रहणही पाठ. आणि जिच्यावर कविता झाली ती वस्तू मात्र अज्ञात! आता तर खिशातील स्मार्टफोनला विचारले की तो भावार्थ क्षणात लिहून देतो. मुलाला कवितेकडे पाहण्याचेही कारण उरले नाही. ही काव्यशिक्षणाची प्रगती म्हणावयाची की उत्तरक्रिया?

यावर शाळांना सुचलेला उपाय फोनबंदीचा. वर्गाच्या चार भिंतींत ती योग्यच आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालानेही बजावले आहे की, जेथे शिकण्यास खरोखर साहाय्य होते तेथेच असे साधन वापरावे. आमचे म्हणणे इतकेच की, ते साहाय्य कोठे होते हे शिवारात जाऊन पाहावे.

पावसाळ्यात ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वसाहत भरते. शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे, खोप्यांपासून दूर बसवावे आणि फोनने त्यांचे चित्रण करवावे. तेच चित्रण मंद गतीने पाहताना मुलांच्या ध्यानी येईल की, गवताच्या धांदोट्या आणून विणकाम करणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा नर आहे! अर्धवट विणलेला खोपा मादी येऊन तपासते. तिला पसंत पडला तरच तो पुरा होतो. मग बहिणाबाई चुकल्या काय? हा प्रश्न मुलांनीच विचारावा आणि मुलांनीच सोडवावा. आमच्या भाषेत पाखराचे नावच सुगरण. घर सांभाळणाऱ्या निपुण गृहिणीलाही तोच शब्द. शेतात आणि घरात राबलेल्या त्या माउलीने खोप्यात आईचे कष्ट पाहिले. सृष्टीने काय दिले आणि कवीने त्यात काय घातले, हा भेद ज्याला एकदा कळला त्याला काव्य कळले. कोणत्या मार्गदर्शिकेत हा धडा सापडेल?

डोळ्यांइतकेच कानांचे काम आहे. बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव आदींनी टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये ती महाराष्ट्राच्या हाती पडली. जे टिपले गेले नाही ते त्यांच्याबरोबरच गेले. पुढे गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. आज ध्वनिमुद्रणाचे साधन घरोघरी आहे. उणीव आहे ती ऐकणाऱ्याची. सहलीच्या वाटेवर भेटणाऱ्या आजीबाईंची अनुमती घेऊन मुलांनी एक ओवी जरी मुद्रित केली, तरी काव्य छापण्यापूर्वी कंठात असते हे त्यांना कायमचे कळेल.

फोन हाती आला की मूल दृष्टी गमावते, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातील ज्या वस्तूंची छायाचित्रे घेतली त्या लोकांच्या स्मरणात कमी राहिल्या. परंतु वस्तूचा एखादाच भाग जवळ आणून टिपला, तेव्हा मात्र हा तोटा झाला नाही. म्हणजे दोष फोनइतकाच पाहण्याच्या उतावळेपणात आहे! म्हणून नियम कडक हवेत. पहिला अर्धा तास फोन पिशवीत. नंतर पाच मुलांत एक. ज्याच्या घरी फोन नाही त्याला खाली पाहावे लागू नये म्हणून शिक्षकांचाही चालेल. इंटरनेट बंद. अख्ख्या झाडाचे चित्र नको. खोप्याची एक वीण, एक काडी पुरे. आणि परतल्यावर जे पाहिले ते प्रत्येकाने वहीत, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बोलीत लिहावे. त्यानंतरच पुस्तक उघडावे.

याला अनुदान लागत नाही, शासकीय परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. बोरकरांचा गोवा, इंदिरा संतांचे बेळगाव, महानोरांचे पळसखेड जागच्या जागी आहेत. जेथे नामवंत कवी झाला नाही तेथेही ओढा आहे, बाभूळ आहे आणि ओवी म्हणणारी आजी अजून आहे. ती किती दिवस असेल, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या पावसाळ्यातील एक दिवस काढा. परीक्षेतील दोन गुण कदाचित वाढणार नाहीत. परंतु कवितेला एक वाचक मिळेल, आणि ज्या भाषेला वाचक उरत नाही तिला कोणताही कायदा वाचवू शकत नाही.