स्टॅटिक लावलं की झालं?

मित्रांनो, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण विषय आपल्या लॅबमधला आहे आणि मेसमधलाही!

जावामध्ये मेनमधून आपली साधी मेथड बोलावली की कंपायलर ओरडतो. मग आपण काय करतो? मेथडला स्टॅटिक लावतो. आता व्हेरिएबल अडतं. त्यालाही स्टॅटिक! एरर गेली, चला चहा प्यायला.

मीही हेच केलं. होस्टेलच्या मेसचं बिल काढायला प्रोग्राम लिहिला. प्रत्येक मुलाचा एक ऑब्जेक्ट, त्यात त्याच्या सुटीचे दिवस. एरर घालवायला तेच स्टॅटिक केले. आता ऑब्जेक्ट शंभर करा, स्टॅटिक व्हेरिएबल सगळ्या क्लासमध्ये एकच असतं. यादीतला शेवटचा मुलगा एकही दिवस घरी गेला नव्हता, म्हणून सगळ्यांची सुटी शून्य! माझा रूममेट कापूस वेचायला पंधरा दिवस अकोटकडे गावी होता. त्याला पूर्ण बिल आलं. "काहून बे, मी तं गावाले होतो ना!" एवढंच म्हणाला, आणि उसने घेऊन पैसे भरले. चूक सापडल्यावर ते परत मिळाले. पण ती माझी चूक होती, कंपायलरची नाही.

मग स्टॅटिक वाईटच का? मुळीच नाही. किलोचे क्विंटल करायचे तर १०० ने भागायचं. कापूस कोणाचा, याच्याशी देणंघेणं नाही. अशी मेथड खुशाल स्टॅटिक करा. जावाचा मॅथ क्लास असाच आहे, त्याचा ऑब्जेक्ट करताच येत नाही. पण बिल कोणाचं, हा प्रश्न आला की ऑब्जेक्ट हवाच. शिवाय स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाही. उद्या एकवेळ जेवणाऱ्यांचा वेगळा हिशेब आला तर काय कराल?

ही सवय मेननेच लावली. प्रोग्राम सुरू होताना एकही ऑब्जेक्ट नसतो, म्हणून मेन स्टॅटिक असायचं. २०२५ च्या जावा २५ पासून तर तीही सक्ती राहिली नाही. म्हणून सरांना विनंती, पहिल्याच प्रॅक्टिकलला आधी ऑब्जेक्ट करायला लावा. आणि मित्रांनो, स्टॅटिक लिहिण्याआधी स्वतःला एकदा विचारा, हा हिशेब कोणाचा? उत्तरात कोणाचं नाव आलं, तर हात आवरा!