वळसा घालून नदीत जाणारे मैलापाणी

मुळा-मुठेचा प्रश्न निघाला की पुण्यातली चर्चा फिरून फिरून एकाच मापाशी येते. ते माप म्हणजे एमएलडी, अर्थात दिवसाला किती दशलक्ष लिटर. भैरोबा नाल्याला १३०, नायडूला ११५, एरंडवण्याला ५०, मुंढव्याला ४५, खराडीला ४० अशा नऊ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची मिळून ४७७ एमएलडी क्षमता शहराने आधीच उभी केली होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ९९० कोटींचा 'जायका' प्रकल्प मंजूर केला, त्यात आणखी ११ केंद्रे आणि ३९६ एमएलडीची भर घालायचे ठरले. मुंबईत तर जानेवारी २०२३ मध्ये सात केंद्रांचे भूमिपूजन झाले, त्यांची बेरीज २,४६४ एमएलडी. हे आकडे गरजेचे आहेत, पण ते बांधकामाचे आकडे आहेत. नदीत आज सकाळपासून रात्रीपर्यंत किती घाण पडली, याचे उत्तर त्यांत नाही. ते उत्तर आपल्या देखरेखीच्या पद्धतीतूनही मिळत नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार प्रत्येक केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घ्यावे लागते. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) किती, तरंगते घनपदार्थ किती, विष्ठेतले जंतू किती, याच्या मर्यादा त्यात असतात. मंडळाचा माणूस येतो, शुद्ध पाण्याच्या शेवटच्या तोटीशी नमुना घेतो, प्रयोगशाळा आकडा कळवते. आता एक साधा हिशेब मांडू. केंद्राकडे दिवसाला १०० दशलक्ष लिटर मैलापाणी आले. त्यातल्या ६० वर उत्तम प्रक्रिया झाली आणि बीओडी लिटरमागे १० मिलिग्रॅमवर आला. उरलेले ४० कच्चेच, बीओडी २०० असलेले, बाजूच्या चेंबरमधून परस्पर नाल्यात गेले. प्रक्रिया झालेल्या पाण्यातून नदीत ६०० किलो बीओडी गेला आणि वळसा घालून गेलेल्या पाण्यातून ८,००० किलो. दोन्ही पाणी एकत्र केले तर सरासरी ८६ येते. नमुना मात्र तोटीशी घेतलेला, म्हणून अहवालात १० लिहिले जाते आणि केंद्र उत्तीर्ण ठरते. शंभरांतल्या चाळीस मुलांना परीक्षेलाच बसू द्यायचे नाही आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून फलक लावायचा, असा हा प्रकार आहे. यात खोटे कोणीच लिहिलेले नसते, हीच यातली अडचण.

ही गोष्ट कागदावरच्या उदाहरणापुरती नाही, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या देशव्यापी पाहणीत दिसते. शहरी भारतात रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होते, केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी आहे आणि त्या केंद्रांपर्यंत पोचून प्रक्रिया होणारे पाणी २०,२३५ एमएलडी. पहिल्या दोन आकड्यांमधल्या दरीवर आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधल्या दरीवर फारसे कोणी बोलत नाही, वास्तविक ती जास्त लाजिरवाणी आहे, कारण तिथे पैसे खर्च होऊन गेलेले असतात. मैलावाहिनी केंद्राला जोडलेलीच नसते, किंवा जोडलेली असून तुंबलेली असते. वस्तीचे पाणी वाहिनीऐवजी नाल्याची वाट धरते. पंपिंग स्टेशनची वीज जाते आणि तिथल्या साठवण विहिरीतले पाणी ओसंडून नदीकडे वळते. केंद्राच्या दारातच झडप फिरवली जाते ती निराळीच. यांपैकी कशाचीही नोंद शेवटच्या तोटीशी घेतलेल्या बाटलीत सापडणार नाही.

त्या बाटलीला काळाचीही मर्यादा आहे. बीओडीची चाचणी आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांवर तीन दिवस चालते, जुन्या पद्धतीने २० अंशांवर पाच दिवस. अहवाल हाती येईतो ते पाणी उजनी धरणाच्या वाटेवर कितीतरी पुढे गेलेले असते. महिन्याला एक नमुना धरला तर वर्षाचे बारा क्षण तपासले जातात, तेही बहुधा कार्यालयीन वेळेतले. केंद्रातला सगळ्यात मोठा खर्च हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या विजेचा, त्यामुळे रात्री ब्लोअर बंद ठेवण्याचा मोह कोणत्याही ठेकेदाराला होणारच, आणि रात्री दोन वाजता नमुना घ्यायला कोणी येत नाही. खटल्यात टिकणारा नमुना घ्यायचा तर कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे केंद्रचालकाला नोटीस द्यावी लागते आणि त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात. ही तरतूद न्यायाची आहे, ती काढून टाका असे मी म्हणणार नाही. पण अधूनमधून घेतलेल्या बाटलीवर सगळी भिस्त ठेवणारी यंत्रणा चोवीस तास वाहणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवू शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की संमतिपत्राने शेवटच्या तोटीपुरते न पाहता केंद्राकडे येणाऱ्या सगळ्या पाण्याचा जमाखर्च मागावा. आत आलेले पाणी, प्रक्रिया होऊन बाहेर पडलेले पाणी आणि प्रक्रियेविना वळवलेले पाणी, अशा तीन जागी सतत चालणारे प्रवाहमापक असावेत. वळवण्याच्या प्रत्येक मार्गावर, मग तो केंद्रात असो की तीन किलोमीटर मागच्या पंपिंग स्टेशनवर, पाणी कधी वाहू लागले आणि कधी थांबले याची आपोआप नोंद व्हावी. नियमभंग ठरवताना लिटरमागे मिलिग्रॅम जितके मोजले जातात, तितकेच दिवसाला एकूण किलो किती गेले हेही मोजले जावे. आणि ही नोंद महापालिकेच्या संगणकात न राहता थेट मंडळाकडे जावी व त्याच वेळी लोकांना दिसावी. यातली शेवटची अपेक्षा काही जगावेगळी नाही. २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच राज्य मंडळांना अखंड चालणारी ऑनलाइन मापनयंत्रणा बसवून तिचे आकडे संकेतस्थळावर खुले करण्यास सांगितले होते.

यावर पर्यावरणाच्या चळवळीतूनच पहिली हरकत येईल, की आधी मानके कडक करा. मानकांची कहाणी खरोखरच चीड आणणारी आहे. २०१५ च्या मसुद्यात बीओडीसाठी १० ची मर्यादा होती, नायट्रोजनचीही होती. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत महानगरांना २० आणि बहुतेक इतर शहरांना ३० झाली, नायट्रोजन गळून पडला. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुन्हा कडक मानकांचा आदेश दिला. १० हवे की २० हा वाद निरर्थक नाही, जलाशयात जलपर्णी माजवणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसचा तर नाहीच नाही. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. त्या ६० दशलक्ष लिटरसाठी मर्यादा १० ऐवजी २० केली तर नदीवरचा बोजा ६०० किलोंनी वाढतो. वळवलेले पाणी निम्मे केले तर तो ४,००० किलोंच्या आसपास घटतो. शिवाय पाणी वळवण्याची मोजदाद नसताना मानक कडक केले, तर जेवढे झेपते तेवढेच आत घ्या आणि बाकीचे बाहेरून सोडा, असा त्याचा अर्थ केंद्रचालक लावील. कडक मानकामुळे नदीत जास्त घाण गेली, असा विपरीत परिणाम व्हायला वेळ लागणार नाही.

दुसरी हरकत पैशांची आणि यंत्रांच्या भरवशाची. ऑनलाइन बीओडी मापक प्रत्यक्षात बीओडी मोजत नाहीत, अतिनील प्रकाश किती शोषला गेला यावरून अंदाज बांधतात. त्यांच्यावर मळ चढतो आणि वेळच्या वेळी जुळवणी केली नाही तर ते वाटेल ते दाखवतात. ही तक्रार रास्त आहे. पण पाण्याची पातळी आणि प्रवाह मोजणे हे त्या मानाने जुने, साधे तंत्र आहे, आणि मोठ्या केंद्राच्या एका महिन्याच्या वीजबिलात असे कितीतरी मापक बसतील. इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे पावसाळी वळणमार्गांवर, १४ हजारांहून अधिक ठिकाणी, फक्त वाहणे सुरू झाले आणि थांबले एवढेच सांगणारी साधी यंत्रे २०२३ अखेर बसवून झाली. संमतिपत्रात एवढे पाणी आत घेऊन शुद्ध केल्याशिवाय बाहेर सोडायचे नाही, अशी अटही तिथे असते. तोटीशी मोजलेल्या गुणवत्तेत तिथल्या कंपन्या वर्षानुवर्षे जवळजवळ पूर्ण गुण मिळवत होत्या. आत येणारा प्रवाह मोजायला मापक बसू लागले तेव्हा ही दुसरी अट पाळली जात नसावी असे कंपन्यांनाच कबूल करावे लागले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन हजारांहून अधिक केंद्रांची चौकशी सुरू झाली. त्यातूनच पुढे मे २०२५ मध्ये थेम्स वॉटरला १० कोटी पौंडांहून मोठा दंड ठोठावला गेला. पाण्याची प्रत सांगणारे एकही नवे यंत्र न लावता, केवळ पाणी किती आले आणि किती वळले हे मोजून एवढे बाहेर पडले.

पावसाळ्यात पाणी वळवावेच लागते, नाहीतर केंद्र वाहून जाईल, असे अभियंते म्हणतात, आणि ते खरे बोलतात. पण मैला आणि पावसाचे पाणी यांच्या वाहिन्या आपल्या शहरांत वेगवेगळ्या असायला हव्यात, आणि नोव्हेंबर ते मे हे महिने तर जवळजवळ कोरडेच असतात. कोरड्या दिवशी वळवलेले पाणी हा सरळ नियमभंग मानावा. पावसाच्या दिवशी मात्र ठरलेल्या प्रवाहाच्या वर गेलेलेच पाणी माफ व्हावे. मापक असेल तर हा फरक करता येतो, नसेल तर सगळे पावसाच्या माथी मारता येते.

राहिली लबाडी. आकडे जो तयार करणार तोच ते सुधारूनही घेणार, ही शंका अनाठायी नाही. इंग्लंडमधल्याच सदर्न वॉटरने नमुना घेण्याच्या दिवशी पाणी टँकरने हलवून तोटी कोरडी ठेवण्यापर्यंत मजल मारली होती, म्हणजे नमुनाच नाही आणि म्हणून नापासही नाही. पण मैलापाणी केंद्रात लबाडी पकडण्याचे मार्गही पुष्कळ असतात. लिटरमागे २०० मिलिग्रॅम घनपदार्थ असलेले १०० दशलक्ष लिटर पाणी आत आले, तर त्यातून दिवसाला २० टन कोरडा ऐवज येतो. तो गाळ कुठे तरी साचला पाहिजे, वाळला पाहिजे, ट्रकमधून गेला पाहिजे. ब्लोअरने युनिट खाल्ले पाहिजेत, क्लोरीनची बिले आली पाहिजेत. प्रवाहाची नोंद, वीजमीटर आणि गाळाची वजनपावती शेजारी ठेवली की न जुळणारा महिना अनुभवी लेखापालालाही ओळखता येईल, त्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आज या तीन नोंदी एकत्र पाहण्याचे बंधन कोणावर आहे?

दंडाने हे साधेल असे मला वाटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित न्यायाधिकरणाने महाराष्ट्रावर १२ हजार कोटींची भरपाई बसवली, त्यातला मोठा भाग सांडपाण्यापोटी. ती रक्कम राज्यानेच वेगळ्या खात्यात ठेवून राज्यानेच खर्च करायची होती. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या पैशाने केंद्रावरचा रात्रपाळीचा माणूस जागा होत नाही. तो ठेक्याच्या अटींनी होईल. 'नमामि गंगे'मध्ये ठेकेदाराला भांडवली खर्चाचे ४० टक्के बांधकामाच्या काळात आणि उरलेले १५ वर्षांत, काम बघून मिळतात. ही चांगली रचना आहे. फक्त काम बघून म्हणजे काय, याचे उत्तर तोटीशी दिलेले आहे तोवर ती अपुरी आहे. वळवलेल्या प्रत्येक तासाला बिलातून कापणी, आणि वाहिनीच जोडलेली नसेल तर तीच कापणी पालिकेच्या नावावर, असे लिहिले तर दोघांनाही आपापल्या हद्दीतली झडप सांभाळावी लागेल.

पुण्यापुरते बोलायचे तर या मापनाचा सगळ्यात मोठा हक्कदार शहराबाहेर आहे. खडकवासल्यातून वाढीव पाणी घेण्याच्या बदल्यात पुण्याने वर्षाला साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) प्रक्रिया केलेले पाणी शेतीसाठी द्यायचे आहे. मुंढव्याचा जॅकवेल ते थेट केंद्राच्या तोटीतून घेत नाही, बंधाऱ्यातून, म्हणजे नदीतून उचलतो आणि बेबी कालव्यात टाकतो. दौंडच्या शेतकऱ्याला त्यामुळे १० बीओडीचे पाणी मिळत नाही, वरच्या गणितातल्या ८६ सारखे जे काही मिश्रण त्या दिवशी झाले असेल ते मिळते. करारातला आकडा मात्र घनफुटांचा आहे. जलसंपदा खात्याने त्या साडेसहा टीएमसीत वळवून सोडलेले मैलापाणी धरायचे नाही असे ठरवले, तर केंद्रावर प्रवाहमापक बसवण्याची निकड पुणे महापालिकेलाच सगळ्यात आधी भासेल, कारण प्रक्रियेविना गेलेला प्रत्येक लिटर मग तिच्या पिण्याच्या पाण्याच्या कोट्यातून वजा होईल. उजनीतून पिणाऱ्या सोलापूर महापालिकेलाही त्या नोंदी थेट मिळाव्यात, म्हणजे प्रदूषण मंडळाने दुर्लक्ष केले तरी त्या वाचणारे आणि त्यावर प्रश्न विचारणारे दुसरे कार्यालय खालच्या अंगाला असेल.