‘उन्हाळी’ लागली म्हणून अंगावर काढू नका



लघवी करताना आग होते, आत्ताच जाऊन आले तरी पुन्हा जावेसे वाटते, गेल्यावर चार थेंबच होतात, ओटीपोटात दुखते. हा त्रास झाला नाही अशी स्त्री विरळाच. पण त्याविषयी घरात बोलायची सोय नाही. नवऱ्याला सांगायचे कसे, सासूला सांगितले तर ती काय म्हणेल, डॉक्टर पुरुष असला तर काय करायचे, या विचारात चार दिवस निघून जातात. म्हणून आज या विषयावर मोकळेपणाने लिहीत आहे.

आपल्याकडे या त्रासाला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. या नावामुळेच घोटाळा होतो. अंगात उष्णता वाढली असे समजून सब्जा, धण्याचे पाणी, बार्लीचे पाणी सुरू होते. उन्हात काम करून, पाणी कमी पिऊन लघवी गडद पिवळी झाली तर थोडी आग होते, हे खरे. भरपूर पाणी प्याल्यावर ती त्याच दिवशी थांबते. पण आग थांबत नाही, सारखे जावे लागते, लघवी गढूळ किंवा लालसर होते, तेव्हा कारण उष्णता नसते. मूत्राशयात जंतू शिरलेले असतात.

हे जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा ते आपल्याच आतड्यातले असतात. ‘ई. कोलाय’ हे त्यांतील मुख्य जंतूचे नाव. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा, पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटर. शिवाय स्त्रीच्या शरीरात शौचाची जागा आणि लघवीची जागा जवळजवळ आहेत. त्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. शरीरसंबंधानंतर हा त्रास पुष्कळदा होतो, तोही याच कारणाने. यात स्त्रीच्या चारित्र्याचा किंवा नवऱ्याच्या वागण्याचा काही संबंध नाही. हा एकमेकांना लागणारा गुप्तरोग नव्हे. या एका गैरसमजापायी घरात संशय आणि भांडणे होतात, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

साधा आजार कोणता आणि धोक्याचा कोणता?

स्त्री एरवी निरोगी आहे, दिवस गेलेले नाहीत, ताप नाही, आणि आग व वारंवार लघवी एवढाच त्रास आहे, तर तो साधा मूत्राशयाचा दाह समजावा. अंगावरून पांढरे जाणे किंवा खाज नसेल तर डॉक्टरला नुसत्या विचारपूशीवरूनही निदान करता येते. प्रत्येक वेळी सोनोग्राफी आणि महागड्या तपासण्यांची गरज नसते.

पण थंडी वाजून ताप आला, बरगड्यांच्या खाली पाठीत एका बाजूला दुखू लागले, उलट्या झाल्या, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले आहेत असे धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाई, मधुमेही, मूतखड्याचा त्रास असलेली व्यक्ती, लहान मूल आणि पुरुष यांच्या बाबतीत हा आजार साधा मानू नये. त्यांची लघवी ‘कल्चर’ तपासणीला पाठवावी लागते. गरोदरपणात तर काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडले तरी औषध घ्यावे लागते. नाहीतर मूत्रपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. उलट एखाद्या वयस्क बाईला कसलाही त्रास नाही आणि केवळ रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स’ किंवा जंतू दिसले, तर तेवढ्यासाठी सहसा औषध देत नाहीत.

तपासणीसाठी लघवी देताना जागा पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत धरावी आणि बाटली लवकर पोहोचवावी. गोळी सुरू करण्यापूर्वी नमुना द्यावा.

औषध कोणते?

पूर्वी या आजाराला सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिन देत. आज आपल्या देशातील बरेचसे ई. कोलाय जंतू या औषधांना दाद देत नाहीत. शिवाय या गटातील औषधांनी स्नायूंना जोडणाऱ्या शिरांना आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. म्हणून दुसरा पर्याय असताना साध्या मूत्राशयदाहासाठी ती वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१६ साली दिला.

त्याऐवजी नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० च्या दशकापासूनचे जुने औषध आता पहिल्या पसंतीचे ठरले आहे. बहुतेक ई. कोलाय जंतू त्याला अजूनही दाद देतात. ते लघवीत साठते, रक्तात फार राहत नाही. म्हणून ते मूत्राशयाला लागू पडते, पण मूत्रपिंडाच्या आजारावर चालत नाही. साधारणपणे १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ५ दिवस, जेवणाबरोबर देतात. त्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, घाबरू नये. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि बाळंतपण जवळ आलेल्या बाईला ते देत नाहीत. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच घ्यावी लागते, पण ती तुलनेने महाग पडते. तुम्हाला कोणते योग्य, हे डॉक्टरच ठरवील.

आग थांबावी म्हणून मिळणारे लघवीचे पातळ औषध जंतू मारीत नाही. उलट नायट्रोफ्युरँटॉइनबरोबर घेतल्यास त्याचा गुण कमी होऊ शकतो. दोन्ही घेण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, आग थांबली की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, पुढच्या वेळी त्याच घ्यायच्या किंवा शेजारणीला द्यायच्या, ही सवय मोडली पाहिजे. अर्धवट आणि चुकीच्या औषधांतून चिवट जंतू तगतात. पुढे खरोखर गरज पडते तेव्हा साधी गोळी चालत नाही, सलाईनमधून इंजेक्शने घ्यावी लागतात आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घराचे कंबरडे मोडते. पाच दिवसांचे औषध पाच दिवस घ्यावे. दोन दिवसांत आराम पडला नाही तर परत दाखवावे.

पुन्हा होऊ नये म्हणून

पाणी भरपूर प्यावे. वारंवार हा त्रास होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्याल्यावर त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. लघवी तुंबवून ठेवू नये. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा. शरीरसंबंधानंतर लघवीला जाऊन यावे. आत साबण किंवा डेटॉल वापरू नये. पाळी गेलेल्या स्त्रीला वारंवार त्रास होत असेल तर योनीत लावायचे मलम मिळते, डॉक्टरला विचारावे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला तर नीट तपासणी करून घ्यावी.

पण ‘पाणी प्या’ म्हणणे सोपे आहे. झाडूकाम करणारी, बांधकामावर विटा वाहणारी, बाजारात भाजी विकणारी, शेतात निंदणी करणारी बाई सकाळपासून पाणी टाळते, कारण जायला जागा नसते. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली ती याचसाठी. कामाच्या ठिकाणी स्वच्छ, कडी असलेले, पाणी असलेले संडास-मुतारी मागणे ही भीक नाही, आरोग्याची मागणी आहे. महिला मंडळाने वस्तीत आणि कामावर हा प्रश्न उचलावा.

आणि घरातील पुरुषांनो, बायको, बहीण, मुलगी असा त्रास सांगत असेल तर हसू नका, संशय घेऊ नका. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वेळेवर नेले तर हा पाच दिवसांचा आजार आहे. लपवला तर मूत्रपिंडावर जातो.