सुक्याबरोबर ओले जाळू नका



आपली साखर पोत्यात भरून गोदामाबाहेर पडली की पुढे कुठे जाते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. चहा, मिठाई, बिस्किटे, शीतपेये एवढी यादी पाठ असते. पण एक जुने गिऱ्हाईक या यादीत राहून जाते. ते म्हणजे मुंबईच्या उपनगरांतली ईस्ट इंडियन घरे. नाताळच्या आधी या घरांतून चिनी मातीच्या बरण्या भरल्या जातात, आणि त्यांत साखर पडते ती किलोच्या मापाने. त्या बरण्यांत घरगुती वाईन मुरत असते. या बरण्यांची बाजू आज मांडायची आहे. विषय दारूचा दिसतो म्हणून कुणी पान उलटू नये. आधी शेवटपर्यंत वाचावे, मग काय बोलायचे ते बोलावे.

ईस्ट इंडियन हे नाव इंग्रजी असले तरी माणसे अस्सल इथलीच, घरात मराठी बोलणारी. साष्टी बेटावरचे कोळी, कुणबी, आगरी, भंडारी असे हे लोक. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे यांतली अनेक घरे ख्रिस्ती झाली. १७३७-३९ च्या चिमाजीअप्पांच्या स्वारीत साष्टी मराठ्यांकडे आली, त्यानंतर इंग्रजांकडे गेली. राज्ये बदलली, पण यांची भाषा आणि शेती तीच राहिली. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संस्था काढली. अंधेरीकडे मरोळ, कोंडिविटे. बोरिवलीकडे गोराई, मनोरी. घाटकोपरला किरोळ, अशी ही गावे. एके काळी भाताची खाचरे होती, तिथे आता इमारती आहेत. शेती गेली, पण शेतकऱ्याच्या घरातल्या काही गोष्टी उरल्या. त्यांतलीच ही एक.

या वाईनला द्राक्षेच लागतात असे नाही. मनुका, आले, जांभूळ, बीट, जे हाताशी असेल त्याची करतात. फळ किंवा कंद, पाणी, साखर, थोडे यीस्ट, बरेचदा मूठ-दोन मुठी गहू. बरणीला फडके बांधायचे, रोज लाकडी चमच्याने ढवळायचे, सुमारे तीन आठवड्यांनी गाळायचे आणि बाटल्यांत भरून निवळू द्यायचे. हे काम बहुधा घरातली आजी किंवा काकू करते, आणि आपल्याकडे लोणच्याची बरणी जशी कुणाला शिवू देत नाहीत तसाच तिचा कडक कारभार असतो. नाताळात पाहुण्याला केकच्या तुकड्याबरोबर लहानशा पेल्यात ती मिळते.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. इंग्लंड-अमेरिकेत डँडेलियन नावाच्या पिवळ्या रानफुलाची वाईन करण्याची जुनी चाल आहे. पण फुलाच्या पाकळीत आंबण्याजोगी साखर असते कुठे? पिकलेल्या द्राक्षात ती वीस टक्क्यांच्या पुढेही जाते, म्हणून द्राक्षाचे काम भागते. फूल, आले यांचा फक्त वास आणि चव. मद्य होते ते वरून घातलेल्या साखरेचे. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले, ते १९५३ साली उठले, तोवर तिथल्या या बरण्याही साखरेवाचून अडून होत्या. तेव्हा फुलाची म्हणा, आल्याची म्हणा, ही खरी साखरेचीच वाईन.

हिशेबही सोपा आहे. यीस्ट साखर खाते. एक किलो साखरेतून साधारण अर्धा किलो मद्यार्क होतो आणि जवळजवळ तेवढाच वायू उडून जातो. लिटरमागे सतरा-अठरा ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क. म्हणजे वीस लिटरच्या बरणीला दहा टक्क्यांसाठी साडेतीन किलो साखर झाली. दहा टक्के उतारा धरला तर पस्तीस किलो ऊस. चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास यीस्ट स्वतःच थंडावते. पुढे वाढवायचे तर भट्टी लावून ऊर्ध्वपातन करावे लागते, आणि ते या बरणीत होत नाही.

हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण सगळा वाद तिथेच आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मोलमजुरी करणारी गरीब माणसे होती ती. त्यांना मारले ते मिथाईल अल्कोहोलने. ते कारखान्यांत वापरायचे रसायन आहे, आणि पैशाच्या लोभाने दारूच्या नावावर विकले गेले. आंबवलेल्या फळात हा पदार्थ अगदी नाममात्र तयार होतो. त्याने असा हाहाकार होत नाही. बरणी बिघडलीच तर हवा लागून तिचा व्हिनेगर होतो, म्हणजे ती आंबट होते. ओतून द्यावी लागते, तिरडी बांधावी लागत नाही.

पण कायदा काय म्हणतो? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तो परवान्यावाचून मद्य तयार करायला मनाई करतो. रसायन मिसळून विकणारा गुन्हेगार, आणि आल्याची वाईन घालणारी आजीही त्याच मनाईत. माणसाला दारू पिण्याचा परवाना मिळतो, पण घरच्यापुरती बरणीभर वाईन घालण्यासाठी साधा सोपा परवाना नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते हेच.

ही खोड इंग्रजांपासूनची. १८७८ चा अबकारी कायदा आला आणि ताडी-माडीवर सरकारी पकड बसली. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल गोळा करण्यावरही निर्बंध आले. अंधेरी-बोरिवली तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. सरकारला लोकांच्या प्रकृतीची काळजी होती म्हणावे, तर मक्त्याची दारू खुशाल विकली जात होती. डोळा होता तो महसुलावर. घरचे बंद करा आणि ठेक्यावरचे प्या, असा तो न्याय.

इथे आपणही स्वतःकडे पाहिले पाहिजे. राज्यातल्या कितीतरी सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. आपल्याच मळीचा मद्यार्क होतो, आणि त्यातला काही देशी दारूच्या बाटलीत जातो. आता इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते ही चांगली गोष्ट आहे, पण देशीची बाटली बंद झालेली नाही. तेव्हा मळीच्या पैशातून बिल घ्यायचे आणि मरोळच्या म्हातारीला नीतीचे पाठ द्यायचे, हे आपल्याला शोभत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्यातले माळकरी म्हणतील, दारू ती दारूच. आपल्या भगिनी म्हणतील, उसाचे बिल हातात पडले की नवरा कुठल्या दुकानाकडे वळतो हे आम्हाला ठाऊक आहे. आता घरातच बरणी मांडू म्हणता काय? हा राग खोटा नाही. गावोगाव बायांनी मतदान करून बाटली आडवी केली ती उगीच नव्हे. गडचिरोलीने १९९३ पासून बंदी धरून ठेवली आहे. ज्या गावाला नको, तिथे नकोच. त्या ठरावाला धक्का लागता कामा नये. आपण उठून वाईन घालावी असेही मी म्हणत नाही. कायदा आहे तोवर तो पाळलाच पाहिजे. पण घर बुडवते ती कोपऱ्यावर उधारीने रोज मिळणारी बाटली. वर्षातून एकदा सणासाठी घातलेली, घरच्या बाईच्या हातात किल्ली असलेली बरणी तिच्या पंगतीला बसवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि कायद्यात वाट काढता येते, याचे दाखले आहेत. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना स्वतःपुरती मोहाची दारू करण्याची मर्यादित सवलत आहे. केरळने २०२२ साली फळांपासून वाईन करणाऱ्या लहान उद्योगांसाठी नियम केले. अमेरिकेत दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन वाईन बिनकराची करता येते; इतके आपल्याला नको. आपल्या सरकारनेही २००१ साली द्राक्षाच्या वाईनसाठी धोरण आखून करात सूट दिली. मोठ्या वायनरीसाठी दार उघडते, तर बरणीसाठी खिडकी का उघडू नये?

माझी सूचना अशी. घरटी वर्षाला ठरावीक लिटर, फक्त आंबवलेली, भट्टी नाही, विक्री नाही. उत्पादन शुल्क खात्याकडे नाममात्र शुल्क भरून नोंद. ज्या गावाने बंदी केली, तिथे परवाना नाही. अट मोडली, एक बाटली जरी विकली, तर आजचा कायदा आहे तसा लागू. यात खात्याचेही काम हलके होईल. आजीच्या बरण्या मोजण्यापेक्षा मिथाईल अल्कोहोलचे टँकर कुठे रिकामे होतात हे पाहायला माणसे मोकळी राहतील.

हे आपण का बोलायचे? ईस्ट इंडियन समाज मूठभर आहे, त्यांचा आवाज मंत्रालयात पोचत नाही. साखर कारखान्यांचा पोचतो, हे सांगायला नको. साखर आपली, आंबवण्याचे शास्त्र जाणणारे केमिस्ट आपल्या प्रयोगशाळांत, आणि ती माणसे आपल्यासारखीच जमीन कसणाऱ्यांची लेकरे. साखर संघाने एक ठराव करून सरकारकडे धाडला तर बिघडले कुठे? पटले तर सर्वसाधारण सभेत विषय मांडा. नाही पटले तर पुढच्या अंकात खुशाल खोडून काढा.