तास ५०० असतील, पण कोणाचे?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहा, कोणी ना कोणी नव्या डीव्हीआरचे आकडे ऐकवतंच. दोन टेराबाइटची डिस्क, सोळा ट्यूनर, एचडीचे ५०० तास! २०१६ साली आलेल्या हॉपर ३ ची ही जाहिरात आपल्या लोकांना पाढ्यांसारखी पाठ आहे.

एकाच वेळी सोळा कार्यक्रम रेकॉर्ड करणारं घर मला दाखवा. आई-बाबांची मराठी मालिका, मुलांचं कार्टून आणि एखादा सामना, एवढंच आपलं असतं. त्याला चार ट्यूनर पुरेसे झाले.

खरा प्रश्न तासांचा नाहीच, मालकीचा आहे. बॉक्स बहुतेक वेळा कंपनीचा असतो, तुम्ही दरमहा भाडं भरता. रेकॉर्डिंग कूटबद्ध असतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडलीत तरी हाती काही लागत नाही. अपग्रेड केलंत की जुना बॉक्स परत जातो आणि त्याच्याबरोबर तुम्ही साठवलेलं सगळं जातं. भाड्याच्या घराला स्वखर्चाने रंग लावण्यातलाच हा प्रकार.

१९८४ साली बेटामॅक्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम टेप करणं कायदेशीर आहे. ती टेप आपल्या कपाटात राहायची, मशीन बदललं तरी चालायची. तो हक्क आपण जास्तीच्या तासांसाठी हसत हसत सोडून दिला.

सगळे बॉक्स सारखे नाहीत, म्हणून तर निवडताना डोळे उघडे हवेत. हॉपरला बाहेरची यूएसबी डिस्क जोडता येते आणि ती त्याच खात्यावरच्या दुसऱ्या हॉपरवर चालते. डायरेक्टीव्हीच्या एचआर मालिकेतल्या बॉक्सनाही बाहेरची डिस्क लागायची, पण तिच्यावरचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला बांधलेलं. जाहिरातीत दोन्हीकडे शब्द मात्र एकच: 'जादा जागा'.

आणि 'फुकट अपग्रेड' हे फुकटचं पौष्टिक नव्हे. अनेकदा त्यासोबत दोन वर्षांचा करार नव्याने सुरू होतो आणि मध्येच सोडलात तर दंड पडतो.

तेव्हा फोनवर 'हो' म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. बॉक्स माझा की भाड्याचा? जुनं रेकॉर्डिंग नव्यावर येईल का? करार पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार का? उत्तरं लेखी मागा. ती मिळाली नाहीत, तर आहे तोच बॉक्स बरा.